नवी मोटर लावूनही फोन व्हायब्रेट होत नाही? आयसीला हात लावण्याआधी जुनी मोटर परत तपासा

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी परत मांडतो, म्हणजे माझं उत्तर कशाला आहे ते स्पष्ट राहील. तीन वर्षं वापरलेला मिड-रेंज अँड्रॉइड फोन, हातातून पडला, तेव्हापासून व्हायब्रेशन बंद. चार्जिंग, माइक, रिंगर सगळं ठीक. तुमची रात्रपाळी, तिथे रिंग वाजवता येत नाही म्हणून व्हायब्रेशन पाहिजेच. तुम्ही व्हिडिओ बघून मागचं पॅनल उघडलंत, गोल मोटर काढून दोन पेन्सिल सेलवर लावलीत तर एकदाच "टक" झालं आणि गप्प. मग ती गेली असं धरून ऑनलाइन "युनिव्हर्सल" व्हायब्रेटर मागवलात. तो सेलवर मस्त भिरभिरतो, पण फोनच्या दोन पॉइंटवर वायरी सोल्डर केल्या की हाताला काहीच लागत नाही, कानाला लावला तर अगदी बारीक गुणगुण येते. दुकानदार म्हणतोय बोर्ड गेलाय, आयसी (बोर्डावरची चिप) बदलावी लागेल, अडीच हजार. आता तुम्ही विचारताय की आयसी करू की फोन बदलू.

माझं मत, सध्या दोन्ही नको. तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी, जुन्या मोटरची ती "टक" आणि नव्या मोटरची ती गुणगुण, एकत्र ठेवून बघितल्या तर जुनी मोटर बहुधा गेलेलीच नाही, बोर्डही ठीक आहे, आणि बिघाड मोटर आणि बोर्डाच्या मधल्या कॉन्टॅक्टमध्ये आहे. बहुधा म्हणतोय कारण फोन माझ्या हातात नाही आणि मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही. पण मी चिपळूणला रिपेअरिंगचं दुकान चालवतो, आणि व्हायब्रेशन बंद म्हणून जे सेट येतात त्यात मोटर खरोखर मेलेली असण्यापेक्षा कॉन्टॅक्ट सुटलेले किंवा हिरवे पडलेलेच जास्त निघतात, कोकणातल्या दमट हवेत तर विचारूच नका.

आता हे असं का म्हणतो ते सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं तुम्हाला तुमचंच सुचेल.

फोनमध्ये व्हायब्रेटर दोन जातीचे येतात आणि गोल, बटणासारख्या आकारात दोन्ही मिळतात, वरून बघून फरक कळत नाही. पहिली जात म्हणजे फिरणारी मोटर. साधी डीसी (एकाच दिशेच्या करंटवर चालणारी) मोटर, आत एका बाजूला जड असलेला रोटर, दोन बारीक ब्रश, 3 व्होल्टच्या आसपास डीसी दिला की मिनिटाला दहा-बारा हजार फेऱ्या मारते आणि एका बाजूचं वजन जास्त असल्यामुळे सगळा फोन थरथरतो. जुन्या फोनमध्ये हीच असायची, स्वस्त फोनमध्ये अजून असते. दुसरी जात लिनिअर. हिच्यात फिरत काहीच नाही. चुंबक आणि वजन स्प्रिंगवर टांगलेलं असतं, शेजारी कॉइल, आणि फोनची ड्रायव्हर आयसी (मोटर चालवणारी चिप) त्या कॉइलला डीसी देतच नाही, उलटसुलट होणारा एसी देते, सेकंदाला साधारण 150 ते 240 वेळा, ज्या मोटरची जी ठरलेली फ्रिक्वेन्सी असेल ती. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला की थोड्या जोरात मोठा झोका जातो आणि लय चुकली की हात दुखतात पण झोपाळा जागचा हलत नाही, आत तसंच चालतं. टायपिंग करताना जो नेमका टिक-टिक फील येतो तो हिचा. आयफोनमधलं टॅप्टिक इंजिनही ह्याच जातीचं, 2015 च्या सिक्स एसपासून. आयफोन सेव्हनचं होम बटण तर दाबलंच जात नाही, दाबल्याचा भास टॅप्टिक इंजिन करून देतं, म्हणून ते बिघडलं की लोक होम बटण गेलं म्हणून सेट घेऊन येतात. असो, तो वेगळा विषय.

आता तुमचं प्रकरण घ्या. लिनिअर मोटरला पेन्सिल सेल लावला की काय होईल? डीसी मिळाला, चुंबक एका बाजूला ओढलं गेलं, "टक" झालं आणि सेल जोडलेला असेपर्यंत ते तिथेच बसून राहिलं. सेल काढला की परत एक छोटी "टक". म्हणजे तुमच्या जुन्या मोटरने जे केलं ते चांगल्या लिनिअर मोटरने करायलाच पाहिजे तेच केलं. कॉइल तुटली असती तर ती टकसुद्धा आली नसती. एक मात्र सांगून ठेवतो, ही टेस्ट नुसती स्पर्श करून सोडून द्यायची, सेल धरून बसायचं नाही. काही मोटरींचा रेझिस्टन्स 8-10 ओमच असतो, त्यांना सलग 3 व्होल्ट दिले की कॉइल चांगलीच तापते.

आणि नवी मोटर? ती फिरणाऱ्या जातीची आहे, सेलवर भिरभिरली तिथेच कळलं. तिला फोनने दिला एसी. सेकंदाला दोनशे वेळा "इकडे फिर, तिकडे फिर" म्हटल्यावर रोटर जागच्या जागी कुडकुडतो, तीच तुमची गुणगुण. आणि ही गुणगुण फार कामाची आहे, कारण ती येतेय म्हणजे बोर्डाकडून सिग्नल निघतोय आणि त्या पॉइंटपर्यंत पोचतोय. आयसी मेली असती तर कानाला काही ऐकू आलं नसतं. त्यामुळे अडीच हजाराचा विषय आत्ता बाजूला ठेवा. (दुकानदाराने मुद्दाम फसवलं असंही मी म्हणणार नाही, नवीन मोटर लावून चालली नाही म्हणजे बोर्ड, असा सरळ हिशोब पुष्कळ जण करतात.)

युनिव्हर्सल म्हणून जे विकतात त्याच्यावर माझा राग आहे तो ह्याचसाठी. व्यास जुळतो, 8 किंवा 10 मिलिमीटर, फोटोत हुबेहूब दिसते, किंमत चहा-वड्याइतकी, आणि मग माणूस आयसीपर्यंत पोचतो. उलटही होतं बरं का, फिरणाऱ्या मोटरच्या फोनला कोणी लिनिअर लावली तर कॉलला थरथर न येता नुसती "टक" येत राहते. मल्टिमीटरने ओम मोजून जात ओळखता येईल असं वाटतं पण नाही येत, गोल आकारात दोन्हींचं रीडिंग 20-30 ओमच्या घरात असू शकतं. सेलवरची वागणूक हीच खरी ओळख, फिरली की डीसी, टक केली की लिनिअर.

तर आता जुनी मोटर खात्रीने तपासायची कशी. पहिलं मीटर लावा. तुमच्या जुन्या मोटरला 8 ते 30 ओमच्या मध्ये काहीतरी स्थिर रीडिंग आलं तर कॉइल चांगली. ओपन आलं, म्हणजे रीडिंगच नाही, तर गेली. दुसरी टेस्ट मी दुकानात करतो ती घरी पण होते. एखादा जुना ब्लूटूथ स्पीकर असेल तर त्याच्या आतल्या स्पीकरच्या दोन वायरी सोडवून मोटरला लावा, मोबाइलमध्ये टोन जनरेटरचं कुठलंही फुकट अ‍ॅप टाका, आवाज अगदी तळाला ठेवा आणि 130 हर्ट्झपासून (म्हणजे सेकंदाला 130 वेळा) सावकाश वर जा. मोटर चिमटीत धरून ठेवायची. आधी काहीच नाही, मग बोटाला मुंग्या आल्यासारखं, आणि एका ठराविक आकड्यावर, समजा 170 किंवा 235, ती एकदम जिवंत झाल्यासारखी थरथरते, आणखी दहा-पंधरा हर्ट्झ वर गेलात की परत मरगळते. असं झालं तर मोटर शंभर टक्के चांगली. आवाज वाढवायचा मोह आवरा, तिला दोन व्होल्टच्या आसपासच पाहिजे असतं. थरथरताना खरखर आवाज आला, धातूवर धातू घासल्यासारखा, तर पडल्यामुळे आतली स्प्रिंग तुटलीय किंवा वजन तिरकं झालंय, अशी मोटर मग टाकायचीच. मोठ्या चौकोनी लिनिअर मोटरी हातात हलवल्या तर आत थोडं सरकल्यासारखं जाणवतं, ते नॉर्मल आहे, त्याला बिघाड समजू नका.

समजा ती चांगली निघाली. मग पडल्यावर बंद का पडली? तुम्ही लिहिलंय की मूळ मोटरला वायरी नव्हत्या, दोन छोट्या धातूच्या पत्त्या होत्या. बरोबर, आजकाल बऱ्याच फोनमध्ये मोटर फ्रेमच्या खाचेत डबल टेपवर चिकटवलेली असते आणि तिच्या दोन स्प्रिंग-पत्त्या खालच्या सब बोर्डावरच्या (चार्जिंग-माइकच्या छोट्या बोर्डावरच्या) दोन सोनेरी टच पॉइंटवर नुसत्या टेकतात. सोल्डर नाही, कनेक्टर नाही, सगळा खेळ दाबावर. आणि तो दाब पुष्कळदा वरच्या रिंगर बॉक्सच्या (स्पीकरच्या डबीच्या) स्क्रूमुळे टिकतो. फोन कोपऱ्यावर पडला, टेप सुटली, मोटर केसभर सरकली किंवा पत्ती दबली, की संपलं. तुमच्या फोनचा डिस्प्ले मध्ये कधी बदललाय का तेही आठवून बघा, कॉम्बो (काच आणि डिस्प्ले एकत्र) बदलून आलेल्या सेटमध्ये रिंगर बॉक्सचा एखादा स्क्रू गायब असणं हे रोजचं आहे, आणि त्या एका स्क्रूअभावी पत्त्या अधांतरी राहतात. चार्जिंग आणि माइक चालतोय म्हणजे मेन बोर्ड ते सब बोर्डची पट्टी बसलेली आहे, तिकडे शोधत बसू नका.

आता करायचं काय. फोन बंद करा, सिम ट्रे काढा, पॅनल उघडा आणि सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर प्लास्टिकच्या ओपनरने वर उचला. मागच्या वेळी तुम्ही बॅटरी जोडलेली असताना सोल्डरिंग केलं असेल तर ह्यावेळी तसं करू नका, सोल्डरिंग आयर्नचं टोक चुकून शेजारच्या पॉइंटला लागलं तर तेव्हा मात्र खरंच आयसीचं काम निघेल. मग तुम्ही लावलेल्या वायरी काढा, 330-350 डिग्रीला आयर्न, थोडा फ्लक्स (सोल्डर नीट वितळावं म्हणून लावतात ती पेस्ट), पटकन काढायचं. वायरी निघाल्या तरी त्या सोनेरी पॉइंटवर सोल्डरचा फुगवटा राहतो, तो सोल्डर विक (सोल्डर शोषून घेणारी तांब्याची जाळी) लावून ओढून पार सपाट करा, नाहीतर पत्ती त्या ढेकळावरून घसरेल. मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि मऊ ब्रशने साफ. पॉइंटवर हिरवट-काळपट थर असेल तर खोडरबरने हलकेच घासा आणि परत आयपीए. ब्लेडने खरवडू नका, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, तो गेला की खालचं तांबं महिन्याभरात काळं पडतं.

मोटरच्या पत्त्या सुईच्या टोकाने किंचित वर उचला. किंचित म्हणजे खरंच किंचित, पत्ती दोन-तीनदा वर-खाली केली की मुळातून तुटते आणि मग तिला जंपर (जोडणारी बारीक वायर) मारत बसावं लागतं. आता पत्ती टेकते की नाही हे कसं बघायचं? टच पॉइंटवर साध्या परमनंट मार्करचा पातळ हात फिरवा, सुकू द्या, मोटर खाचेत बसवा, सब बोर्ड आणि रिंगर बॉक्स सगळ्या स्क्रूंसकट लावा, परत उघडा. शाईवर पत्तीचा ओरखडा दिसला तर टेकतेय, शाई जशीच्या तशी तर नाही टेकत. ओरखडा पॉइंटच्या अगदी कडेला दिसला तर मोटर सरकलेली आहे, खाचेतली जुनी टेप पूर्ण काढून नव्याने बसवायची. झालं की शाई आयपीएने पुसा. ह्याला पाच मिनिटं लागतात आणि अंदाजाने पत्त्या वाकवत बसणं वाचतं.

मोटर चिकटवायला पातळ मजबूत डबल टेप घ्या. ती खाचेत घट्ट बसली पाहिजे, सैल राहिली तर तिची ताकद फ्रेमला पोचतच नाही, व्हायब्रेशन मवाळ लागतं आणि वर टेबलावर फोन ठेवला की कर्रर्र आवाज येतो. फेविक्विक लावू नका, ते पातळ असतं, फटीतून आत उतरतं आणि मोटर जागेवर जाम करतं. हॉट एअर (गरम हवेची गन) तर मोटरच्या जवळ फिरकवूच नका, आतलं निओडायमियम चुंबक जास्त उष्णतेने कमजोर पडतं आणि मग सगळं बरोबर असूनही थरथर अर्धी. पॅनल उघडताना खालची बाजू तापवतानाही हात सैल ठेवा, 70-80 डिग्री गोंद सुटायला पुरते. आणि बारीक स्क्रू मोटरच्या चुंबकाला चिकटून बसतात बरं का, एखादा सापडेना झाला तर आधी तिथे बघा.

इथपर्यंत थोडक्यात सांगायचं तर, जुनी मोटर मीटर आणि टोनवर तपासा, चांगली असेल तर पॉइंट सपाट करून तीच परत बसवा, पत्ती टेकतेय ह्याची खात्री करा. बहुधा काम इथेच संपेल.

नाही संपलं तर दोन वाटा. जुनी मोटर टेस्टमध्ये मेलेली निघाली, तर तुमच्याच मॉडेलची मोटर घ्या. मिळताजुळता आकार नको, तीच. लिनिअरमध्ये फ्रिक्वेन्सी जुळावी लागते, वीस-तीस हर्ट्झचा फरक असेल तर मोटर चालते पण जोर राहत नाही, काही आयसी स्वतः फ्रिक्वेन्सी शोधून जुळवून घेतात, सगळ्या नाही. मी शक्यतो त्याच मॉडेलच्या डेड सेटमधून काढलेली ओरिजिनल लावतो, नव्या कॉपीपेक्षा ती बरी. डिस्प्ले फुटून भंगारात गेलेले सेट प्रत्येक दुकानात पडलेले असतात, जवळच्या दुकानात मॉडेल सांगून विचारा. नाहीतर पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत मनीष मार्केट किंवा लॅमिंग्टन रोडला पार्टवाल्यांकडे मिळते, जाताना जुनी मोटर खिशात घेऊन जा आणि पत्त्यांची दिशा जुळवूनच घ्या. एक सावधगिरी, पाण्यात गेलेल्या सेटमधली मोटर घेऊ नका. जुलै 2021 च्या पुरानंतर आमच्याकडे चिखलातून काढलेले फोन पोत्याने आले, त्यातले बरेच बोर्ड धुऊन चालू झाले पण फिरणाऱ्या मोटरी आतून गंजून जाम, ब्रश तर पार गेलेले. लिनिअरमध्येही पाणी शिरलं की स्प्रिंग गंजते, आज चालते आणि पावसाळ्यात बंद पडते.

दुसरी वाट, मोटर चांगली, पत्त्या टेकतायत, तरी फोन गप्प. मग सेटिंग एकदा बघा, हसू नका, पॉवर सेव्हिंग चालू असलं की बरेच फोन टचचं व्हायब्रेशन बंद करतात आणि सगळं उघडझाक केल्यावर ते लक्षात येतं. टेस्ट मेन्यूमधून थेट मोटर चालवून बघितली की सेटिंगचा संशय मिटतो, सॅमसंगला डायलरवर *#0*# आणि शाओमी-रेडमीला *#*#6484#*#*, इतर कंपन्यांचे कोड वेगळे. टेस्ट चालू असताना मीटर एसी व्होल्टवर ठेवून त्या दोन पॉइंटवर धरा. साध्या मीटरचा आकडा अचूक येणार नाही, पण काहीतरी हललं तर सिग्नल आहे. काहीच हललं नाही तरच बोर्डाकडे वळायचं, आणि तुमच्या बाबतीत गुणगुण येत होती म्हणून मला ती शक्यता कमीच वाटते, हां, वायरी सोल्डर करताना काही लागलं नसेल तर.

आणि समजा खरंच बोर्डाचंच काम निघालं तर दुकानदाराला एकच विचारा, तुमच्या मॉडेलला व्हायब्रेटरची आयसी वेगळी आहे की ते काम पॉवर आयसीच (फोनभर वीज वाटणारी मुख्य चिप) करते. वेगळी असेल तर बदलायला हरकत नाही, छोटं काम आहे, कसलेल्या हाताला जमतं. पण पॉवर आयसीच बदलायची असेल तर मी माझ्या गिऱ्हाइकाला सरळ नाही म्हणतो. चालू फोनची पॉवर आयसी नुसत्या व्हायब्रेशनसाठी काढणं म्हणजे उद्या फोनच चालू न होण्याचा धोका घेणं. त्यापेक्षा कॉलला मनगटावर थरथरणारा साधा फिटनेस बँड घ्या, रात्रपाळीत तो खिशातल्या फोनपेक्षा लवकर कळतो.

पॅनल चिकटवायची घाई करू नका. आधी कडेला दोन-तीन ठिकाणी टेप मारून एक-दोन दिवस वापरा, खिशात ठेवा, टेबलावर आपटा जरासा, कॉल घ्या. थरथर कमी-जास्त होत असेल तर पत्ती अजून नीट टेकत नाहीये, परत शाईची टेस्ट करा. सगळं स्थिर वाटलं की मग जुना गोंद साफ करून बी-7000 गोंद किंवा त्या मॉडेलची कापून मिळणारी टेप लावा आणि रात्रभर रबर बँड मारून ठेवा. फोन वॉटरप्रूफ म्हणून घेतलेला असेल तर एकदा उघडल्यावर तो तसा राहिला असं धरू नका, पावसात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

मॉडेल नंबर, जुन्या मोटरचं ओममधलं रीडिंग आणि टोनवर ती कितीला थरथरली हे कळवा, आणि त्या दोन टच पॉइंटचा जवळून फोटो काढून पाठवा, पॉइंट उखडलेला असेल तर जंपर कुठून आणायचा ते मग सांगतो.